पोट, बोट, मोट



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग पाहुणे, मग आळस. असो.

माझी नात सध्या बी.एड. करते आहे. "आजीच्या पावलावर पाऊल" असे नातेवाईक कौतुकाने म्हणतात, पण ते तितकेसे खरे नाही. मी १९७४ साली केले ते साधे बी.एड. तिचे आहे विशेष शिक्षणाचे, आणि त्यातही कर्णबधिर मुलांना शिकवण्याचे. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली आणि आता वर ही दोन वर्षे. तिच्या पुस्तकांत कानाच्या आकृत्या असतात, आलेख असतात. सुरुवातीला मला वाटले, ही शिक्षिका होणार आहे की डॉक्टर?

एके दिवशी ती आरशासमोर उभी राहून आवाज न काढता काहीतरी पुटपुटत होती. मला म्हणाली, "आजी, इकडे ये. मी काय म्हणते ते ओठांवरून ओळख."

ओठ हलले. मी म्हटले, "बोट."

"चूक. पोट. आता हे?"

"पोट."

"चूक. मोट."

तिसऱ्यांदा मी वैतागून "मोट" म्हटले, तर ते बोट निघाले! मी म्हटले, "अगं, तिन्ही अगदी सारखीच दिसतात की!"

"तेच तर आम्हाला शिकवतात. प, ब, म, तिन्ही ओठ मिटून. फरक आहे तो आवाजात, ओठांवर नाही. ज्याला नीट ऐकू येत नाही तो ओठांकडे बघून अंदाज करतो आणि इथे फसतो."

मी हसले. आणि हसता हसता गप्प झाले. कारण मला एक वही आठवली.

सन १९७९. इयत्ता पाचवी. मी मराठी आणि इतिहास शिकवत असे. गाव आणि शाळा सांगत नाही, मुलाचे नाव तर नाहीच. तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायचा. त्याचा एक कान वाहायचा, कधी दोन्ही. कानात कापसाचा बोळा असायचा. वास येतो म्हणून शेजारी कोणी बसायला तयार नसे. फळ्यावरचे उतरवून घ्यायला सांगितले तर मोत्याच्या दाण्यांसारखे अक्षर. आणि शुद्धलेखन घातले की सगळा गोंधळ. मी "माळ" सांगावे, याने "बाळ" लिहावे. मी "मान" म्हणावे, याने "पान" लिहावे. "शेतकऱ्याने मोट जोडली" या वाक्याचे त्याच्या वहीत "शेतकऱ्याने बोट जोडली" झाले होते. मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग खो खो हसला. मीही हसले. तोही हसला, सगळे हसत होते म्हणून.

मला शुद्धलेखन घालताना रांगांमधून फेऱ्या मारायची सवय होती. म्हणजे निम्मा वेळ माझी त्याच्याकडे पाठ. त्या निम्म्या वेळातली वाक्ये त्याच्या वहीत नसायचीच. प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला, "हुशार आहे पण लक्ष देत नाही." दोनदा तळहातावर पट्टीही मारली आहे. लिहिताना लाज वाटते, पण लिहायचे ठरवले आहे तर लिहितेच.

सेहेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या वहीत सगळे लिहिलेले होते. मला ते वाचता आले नाही. कारण वाचायला मला कोणी शिकवलेच नव्हते. आमच्या बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्राचा पेपर होता. त्यात अपंग मुलांवर दीड-दोन पाने होती आणि ती "ऑप्शनला" टाकायची पद्धत होती. पाठ टाचण कसे लिहावे, फळ्याचे तीन भाग कसे करावेत, प्रश्न आधी विचारावा आणि मुलाचे नाव नंतर घ्यावे, हे सगळे घोटवून घेतले. पण एखाद्या मुलाला ऐकूच येत नसेल तर ते कसे ओळखावे, यावर एक तास नाही.

इतिहासाची शिक्षिका ना मी, त्यामुळे मग प्रश्न पडला की हे शिक्षकांना शिकवण्याचे शास्त्र आले कुठून, आणि आमच्यापर्यंत का आले नाही? नातीची पुस्तके, थोडे इंटरनेट, थोडा शब्दकोश, असे करत तीन महिने वाचत होते. जे कळले ते तुम्हाला सांगते.

गोष्ट एका कुलपापासून सुरू होते.

अठराव्या शतकात युरोपात कर्णबधिर मुलांना शिकवण्याच्या शाळा निघाल्या. साधारण १७६० साली एडिंबरोला टॉमस ब्रेडवुड या गृहस्थाने एक काढली आणि त्याच सुमारास पॅरिसला आबे द लेपे या धर्मगुरूने दुसरी. दोघांच्या वृत्तीत जमीन-अस्मानाचा फरक. लेपे यांची शाळा गरिबांच्या मुलांना फुकट होती, आपली पद्धत ते लोकांना बोलावून जाहीरपणे दाखवत आणि शिकायला येईल त्याला शिकवत. त्यांचा भर हातांच्या खुणांवर होता. ब्रेडवुड घराण्याने मात्र आपली विद्या घरातच ठेवली. आपल्याकडे एखादा वैद्य मात्रेची कृती मुलाशिवाय कोणाला सांगत नसे, किंवा गवई ठेवणीतली चीज घराण्याबाहेर जाऊ देत नसे, तसेच हे. आपल्याला ते ओळखीचे वाटेल.

या कुलपाशी एक अमेरिकन तरुण जाऊन धडकला. त्याचे नाव टॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट. येल विद्यापीठाचा पदवीधर, तब्येतीने नाजूक, धर्मोपदेशक होण्याचा विचार. १८१४ साली हार्टफर्ड गावी घरी आलेला असताना शेजारच्या डॉक्टर कॉग्जवेल यांची नऊ वर्षांची मुलगी ॲलिस त्याला दिसली. लहानपणी तापात तिचे ऐकणे गेले होते. इतर मुले खेळत होती, ही बाजूला. गॅलॉडेटने आपली टोपी तिला दाखवली आणि काठीने मातीत "टोपी" हा शब्द लिहिला. वस्तू आणि अक्षरे यांचा काही संबंध आहे हे त्या पोरीला कळले. मातीतली ती अक्षरे वाचून मला आपली धुळपाटी आठवली.

तिच्या वडिलांनी आणि गावातल्या लोकांनी पैसे जमवून १८१५ मध्ये गॅलॉडेटला युरोपला पाठवले. काम एकच, ही विद्या शिकून यायचे. म्हणजे आजच्या भाषेत, पदवी झाल्यावर विशेष शिक्षणाच्या अभ्यासाला परदेशी गेलेला हा विद्यार्थी. लंडनच्या शाळेने अट घातली की तीन वर्षे आमच्याकडे मदतनीस म्हणून राबा, मग शिकवू. एडिंबरोच्या शिक्षकाची शिकवायची तयारी होती, पण ब्रेडवुड घराण्याने त्याच्याकडून आधीच करार लिहून घेतला होता की कोणालाही पद्धत सांगायची नाही. कित्येक महिने गेले. हाती काही नाही.

त्याच काळात पॅरिसच्या शाळेचे प्रमुख सिकार आपल्या कर्णबधिर शिष्यांना घेऊन लंडनला प्रात्यक्षिके दाखवत होते. गॅलॉडेटने ती पाहिली. सिकार यांनी त्याला सरळ पॅरिसला बोलावले. अट नाही, करार नाही. तिथे तो काही महिने शिकला. पण पैसे संपत आले आणि विद्या तर अजून अर्धीच होती. तेव्हा त्याने त्या शाळेतल्या एका शिक्षकालाच अमेरिकेला चलण्याची विनंती केली. ते होते लॉराँ क्लेर, वय तीस, स्वतः जन्मापासून किंवा अगदी तान्हेपणापासून कर्णबधिर, त्याच शाळेचे विद्यार्थी आणि तिथलेच शिक्षक.

१८ जून १८१६ ला दोघे फ्रान्सहून जहाजात बसले आणि ९ ऑगस्टला न्यूयॉर्कला उतरले. बावन्न दिवस. या बावन्न दिवसांत क्लेर यांनी गॅलॉडेटला खुणांची भाषा शिकवली आणि गॅलॉडेटने क्लेर यांना इंग्रजी. एक गुरू, एक शिष्य, आणि दर तासाला भूमिका उलटी! जगातल्या विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा इतिहास मी लिहिला तर त्या जहाजाला पहिले अध्यापक महाविद्यालय म्हणेन. इमारत नाही, फी नाही, पण सहाध्यायी कसा, तर ज्याला शिकवायचे त्याच्यातलाच एक.

१५ एप्रिल १८१७ ला हार्टफर्डची शाळा उघडली. ॲलिस पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये होती. पुढे इतर गावांत शाळा निघू लागल्या तेव्हा तिथले शिक्षक शिकण्यासाठी हार्टफर्डला क्लेर यांच्याकडे येत. ऐकू येणारे पदवीधर लोक एका कर्णबधिर माणसासमोर बसून विद्या घेत होते. आणि शाळांमधून शिकलेली मुले पुढे स्वतः शिक्षक होत होती. १८७० च्या सुमारास अमेरिकेतल्या अशा शाळांत शंभरातले चाळीसएक शिक्षक स्वतः कर्णबधिर होते. १८६४ मध्ये लिंकन यांच्या सहीने वॉशिंग्टनला कर्णबधिरांना पदवी देणारे कॉलेजही सुरू झाले. त्याचे प्रमुख होते गॅलॉडेटचे धाकटे चिरंजीव एडवर्ड. त्यांची आई स्वतः कर्णबधिर, त्यामुळे खुणांची भाषा त्यांना घरातूनच मिळालेली.

इथपर्यंत वाचून मला फार बरे वाटत होते. पण इतिहासात असे बरे वाटू लागले की पुढचे पान जपून उलटावे.

१८८० मध्ये इटलीत मिलान शहरी या क्षेत्रातल्या शिक्षकांची परिषद भरली. तिने ठराव केला की खुणांपेक्षा तोंडी पद्धतच श्रेष्ठ, मुलांना बोलायला आणि ओठ वाचायलाच शिकवावे. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. ज्यांच्याबद्दल ठराव, त्यांना मत नाहीच म्हणा ना. (एकशे तीस वर्षांनी, २०१० मध्ये, व्हँकुव्हरच्या परिषदेने हे ठराव फेटाळले आणि झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला.) खुणांना शाळेबाहेर काढले की खुणांनी शिकवणारे शिक्षकही बाहेर जाणार, हे उघड होते.

अमेरिकेत तोंडी पद्धतीचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता कोण होता ठाऊक आहे? टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. आपण मुलांना त्यांचा एकच शोध शिकवतो. पण बेल मुळात कर्णबधिरांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला ऐकू कमी येई, पत्नी मेबल पाचव्या वर्षी तापात बहिरी झालेली. टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ ला, आणि त्याच्या चार वर्षे आधी, १८७२ मध्ये, त्यांनी बोस्टनला कर्णबधिरांच्या शिक्षकांना शिकवण्याची शाळा काढली होती. म्हणजे शिक्षकांचे शिक्षक. माणूस कळवळ्याचा होता, यात शंका नाही. पण त्यांना असे वाटे की कर्णबधिरांनी आपापसात राहू नये, आपापसात लग्ने करू नयेत आणि कर्णबधिर मुलांना कर्णबधिर शिक्षक नसावेत. नाहीतर ही माणसे कायम वेगळीच राहतील.

१८९१ मध्ये एडवर्ड गॅलॉडेट यांनी आपल्या कॉलेजात शिक्षक तयार करणारा विभाग काढायचे ठरवले. पदवीधरांसाठी, एक वर्षाचा. सरकारी पैसा लागणार होता. बेल यांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे विरोध केला, कारण यातून कर्णबधिर शिक्षक तयार होतील अशी त्यांना भीती. गॅलॉडेट यांनी सांगितले की प्रवेश ऐकू येणाऱ्यांनाच आहे. विभाग सुरू झाला तो तसाच. हे मी दोनदा वाचले. कर्णबधिरांचे कॉलेज, कर्णबधिरांचे शिक्षक घडवण्याचा वर्ग, आणि त्याच कॉलेजातून पदवी घेतलेल्या कर्णबधिर मुलाला त्या वर्गाचे दार बंद!

दोघेही भले लोक. दोघांच्याही घरात बहिरेपण. त्यांचे भांडण पद्धतीचे होते, आणि त्या भांडणात लॉराँ क्लेर यांच्यासारख्यांना मात्र शिक्षक होण्याची वाट उरली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत कर्णबधिर शिक्षकांचे प्रमाण शंभरात चाळीसवरून पंधराच्या आसपास आले. त्या विभागातून बाहेर पडलेले पर्सिव्हल हॉल नावाचे ऐकू येणारे गृहस्थ १९१० मध्ये कॉलेजचे प्रमुख झाले. कर्णबधिर प्रमुख मिळायला १९८८ साल उजाडले, तेही विद्यार्थ्यांनी आठवडाभर कॉलेज बंद पाडले तेव्हा.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळे अमेरिकेचे. आपला काय संबंध? संबंध आहे. त्याच वर्गात १८९०च्या दशकाच्या मध्यावर एक भारतीय विद्यार्थी बसला होता. कलकत्त्याचे यामिनीनाथ बॅनर्जी. १८९३ मध्ये कलकत्त्याला काही मंडळींनी मिळून मूकबधिरांची शाळा काढली, त्यांतले हे एक. शाळा आधी काढली आणि मग शिकवायचे कसे हे शिकायला बॅनर्जी समुद्र ओलांडून आधी ब्रिटनला आणि मग वॉशिंग्टनला गेले. ज्या काळी परदेशगमनाबद्दल प्रायश्चित्त घ्यायला लावत, त्या काळी! परत येऊन त्यांनी शाळेची धुरा सांभाळली. आपल्या मुंबईतही १८८०च्या दशकातच ख्रिस्ती धर्मगुरूंच्या पुढाकाराने मूकबधिरांची शाळा निघाली होती. म्हणजे ही विद्या आपल्या देशात टिळक-आगरकरांच्या काळीच येऊन पोचली होती. मग १९७४ साली माझ्या बी.एड.च्या वर्गात ती का नव्हती?

उत्तर शोधता शोधता एक गंमत सापडली. खरे तर गंमत नव्हे. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात स्पष्ट म्हटले होते की अपंग मुलांचे शिक्षण हे सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच भाग असले पाहिजे. कोठारी आयोगावर आम्हाला बी.एड.ला हमखास प्रश्न यायचा. मी तो दहा गुणांसाठी सोडवला आहे. १०+२+३ पाठ होते, हे वाक्य नव्हते. आणि अपंग मुलांना साध्या शाळांत सामावून घेण्याची केंद्र सरकारची योजना सुरू झाली ती १९७४ मध्ये. बरोबर ज्या वर्षी मी पदवीचा कागद हातात घेऊन शाळेत रुजू झाले. योजनेत मुले साध्या शाळेत येणार होती. साध्या शाळेतल्या बाईंना मात्र कोणी काही सांगितले नव्हते.

अमेरिकेतही पुरेसे शिक्षक मिळत नव्हतेच. तिथे १९६१ मध्ये कायदा करून कर्णबधिरांचे शिक्षक तयार करण्यासाठी विद्यापीठांना आणि विद्यार्थ्यांना सरकारी पैसा दिला गेला. आपल्याकडे १९८३ मध्ये मुंबईला वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. श्रवणदोषांचे काम आणि शिक्षकांचे प्रशिक्षण तिथे होऊ लागले. १९९२ मध्ये संसदेने भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केला. त्यानंतर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि परिषदेकडची नोंदणी असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही, केल्यास शिक्षा आहे. हे योग्यच झाले. आजारी माणसाकडे आपण डॉक्टर बोलावतो, कंपाउंडरचा मेहुणा नाही.

माझ्या नातीचा अभ्यास मी जवळून बघते. कानाची रचना, ऐकण्याचा आलेख वाचणे, श्रवणयंत्र, भाषा कशी येते, खुणांची भाषा, एकेका मुलासाठी वेगळा आराखडा. त्यातली एक साधी गोष्ट सांगते. आ, ऊ, ई, श, स, म. हे सहा आवाज. रोज सकाळी शिक्षिका तोंड झाकून एकेक आवाज काढते आणि मूल तो परत म्हणते किंवा ऐकू आला की हात वर करते. यंत्र चालते का, कुठले स्वर पोचतात, हे समजते. दोन मिनिटांचे काम. खर्च शून्य. यंत्र नसलेल्या मुलाचीही पूर्ण तपासणी यातून होत नाही, पण शंका घ्यायला पुरते.

मी नातीला म्हटले, "हे प्रत्येक शिक्षकाला का शिकवत नाहीत? ब्रेडवुडने कुलूप लावले, मग बेल आणि गॅलॉडेटने दार निम्मे बंद केले, आणि आता तुम्ही वेगळी पदवी काढून पुन्हा कुलूपच लावले ना? मी साधी शिक्षिका. माझ्या वर्गातला मुलगा मात्र तुमचा."

ती जरा रागावली. म्हणाली, "आजी, कुलूप नाही गं. हे दोन वर्षांत पुरं होत नाही, तर तुझ्या बी.एड.च्या एका तासात कसं होईल? अर्धवट माहितीनेसुद्धा मुलांचं वाटोळं होतं. तुम्ही त्यांना शिकवायला हवं असं कोण म्हणतंय? तुम्ही फक्त ओळखायचं आणि पाठवायचं."

"आणि पाठवायचे कुठे? त्या गावात कोण होते?"

यावर ती गप्प बसली. मग म्हणाली, "हो, तेही आहे."

दोघींचे निम्मे निम्मे बरोबर आहे, असे मला वाटते. २००९ मध्ये शिक्षणहक्काचा कायदा आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली. २०१४ नंतरच्या साध्या बी.एड.मध्ये समावेशक शाळेवर स्वतंत्र विषय आला, म्हणजे आमची ती "ऑप्शनला" टाकायची दोन पाने वाढली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्राथमिक शाळेत अशा दर दहा मुलांमागे आणि त्यापुढे दर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. म्हणजे कागदावर तरी आता पाठवायला कोणीतरी असायला हवे. आणि एक गोष्ट वाचून क्लेर यांची आठवण आली. दिल्लीला २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिथे ही भाषा शिकवण्याचा एक पदविका अभ्यासक्रम खास कर्णबधिर उमेदवारांसाठी आहे. म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो पुन्हा गुरूच्या खुर्चीत. जहाज फिरून बंदरात आले म्हणायचे. दोनशे वर्षे लागली.

पण या दोनशे वर्षांच्या गोष्टीतून मला जे कळले ते इतकेच, की ही विद्या कधी कमी पडली नाही. ती नेहमी कोणाच्या तरी पेटीत होती. कधी घराण्याच्या, कधी एका मताच्या, कधी एका पदवीच्या. आणि पेटी बंद असली की त्याची किंमत पेटीच्या मालकाने कधी मोजली नाही. ती तिसऱ्या बाकावरच्या मुलाने मोजली.

त्याचे पुढे काय झाले? सातवीनंतर त्याने शाळा सोडली. मागच्या महिन्यात मी आमच्या एका जुन्या सहकारी बाईंना फोन केला. त्यांना तो आठवला, "तो कान वाहणारा ना?" म्हणाल्या. पत्ता कोणालाच माहीत नाही. आता तो छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा असेल. कान वाहणे हे त्या काळीही बरे होऊ शकणारे दुखणे होते. तालुक्याच्या दवाखान्यात ने, एवढे त्याच्या वडिलांना सांगायला बी.एड. लागत नव्हते. ते मी सांगितले नाही, हे सगळ्यांत जास्त बोचते. बाकी दोष मी अभ्यासक्रमावर टाकू शकते, हा माझाच.

नातीला ही सगळी गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली, मला बरे वाटावे म्हणून काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या पाठ टाचणात डोकावले तर प-ब-म च्या सरावासाठी तिने शब्द लिहिले होते: माळ-बाळ, मान-पान, पोट-बोट-मोट. आणि खाली वाक्य, "शेतकऱ्याने मोट जोडली." शेजारी कंसात, "मुलाकडे तोंड करून म्हणणे."

तुमच्यापैकी जे अजून शिकवत आहेत, किंवा ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्यांना एवढेच सांगणे. हाक मारूनही "लक्ष न देणारे" मूल दिसले, तर रागावण्याआधी एकदा त्याच्या मागे उभे राहा आणि हळू आवाजात त्याचे नाव घ्या. वळून पाहिले नाही, तर कानाच्या डॉक्टरकडे न्या.

आणि शुद्धलेखन घालताना फेऱ्या मारू नका.

आज इतकेच.